दोन झाकणांचा अपघात

मित्रांनो, तीन पायांवर शहाणा आणि चौथ्यावर रुसलेला असा मी एक जुना बाक आहे. सिनेमागृहाच्या मागच्या अंगाला, ऑपरेटरच्या केबिनकडे जाणाऱ्या लोखंडी जिन्याखाली माझा मुक्काम असतो. तुम्ही कधी आलात तर डाव्या बाजूला जरा बेतानं बसा. तो रुसलेला पाय तिथेच आहे.

ज्या झाडापासून मी झालो त्याची थोरवी काय सांगू? त्याची सावली इतकी लांब पडायची की सकाळी तिच्या टोकाला गाय बांधली तर ती संध्याकाळी शेजारच्या गावात सापडायची. एका सुताराने मला घडवलं. रंधा मारून झाल्यावर त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि "हा चारचौघांना पुरून उरेल" असं म्हणाला. माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही. पहिली नऊ वर्षं मी शाळेत काढली. मुलांनी कर्कटकाने माझ्या पाठीवर इतकी नावं कोरली की हजेरीपटाची गरज उरली नाही. पुढे शाळेला नवे बाक आले आणि मी या सिनेमागृहात पोचलो. इथेही पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि दोन वर्षं मी गोदामात उलटा पडून होतो, चारही पाय वर करून. त्या दिवसांबद्दल मी बोलत नाही.

मला गोदामातून बाहेर काढलं ते तिघा सिनेमावेड्यांनी. त्या नव्या खुर्च्यांवर बसून त्यांना वाद घालता येईना. खुर्च्या सुट्या सुट्या, त्यामुळे कोपराने ढोसायला शेजारी जवळ नाही. शेवटी मालकांच्या मागे लागून त्यांनी मला परत आणलं.

त्या तिघांची ओळख करून देतो. पहिले शिंपीकाका. ते सिनेमा बघतात तो कपड्यांसाठी. नायक रडत असला तरी यांची नजर त्याच्या कॉलरवर. दुसरे दवाखान्यातले कंपाउंडर. पडद्यावर कुणी खोकलं की हे मनातल्या मनात बाटली भरतात. तिसऱ्या भूमितीच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. साध्या मारामारीतही त्यांना गहन अर्थ सापडतो. दर शुक्रवारी नवा सिनेमा लागला की हे तिघे दुपारचा पहिला खेळ बघायचे, आणि खेळ सुटला की थेट माझ्याकडे.

माझ्यावर बसायचा एक नियम होता. जो मध्ये बसेल त्याने बोलायचं, कडेला बसलेल्यांनी ऐकायचं. बोलून झालं की सरकायचं आणि दुसऱ्याला मध्ये घ्यायचं. या सरकासरकीने माझी मधली फळी इतकी गुळगुळीत झाली की एकदा एक माशी तिच्यावरून घसरून पडली. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा.

चौथा माणूस म्हणजे ऑपरेटरकाका. खेळ संपला की ते जिना उतरून उजव्या कडेला बसायचे. मध्ये कधीच नाही. पडद्यावर चित्र दाखवणारं यंत्र सांभाळण्यात त्यांचा सिनेमा बघायचा राहून जायचा. काय दाखवलं ते त्यांना या तिघांकडून कळायचं. वीस वर्षं त्यांनी असे सिनेमे ऐकले. यंत्राशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. घरी त्यांची बायको त्यांना साधा पंखा दुरुस्त करू देत नसे.

मित्रांनो, बाकाला नजरेपेक्षा वजन जास्त कळतं. वर्षभरापासून ऑपरेटरकाका माझ्यावर जड बसायला लागले होते. चित्र दोनतीनदा अंधूक झालं होतं, प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या होत्या. मालकांनी किल्ल्यांचा जुडगा हातात खेळवत बजावलं होतं, की आणखी एक चूक झाली तर केबिनची किल्ली परत द्यायची. त्या दिवसापासून काका खिशातली किल्ली सारखी चाचपून बघायचे.

आता तो शुक्रवार. सकाळी नव्या सिनेमाचे नऊ डबे सायकलवरून आले. प्रत्येक डब्यात एक रीळ, आणि आकडा झाकणावर. डबे वाटेत दमट झाले होते म्हणून काकांनी ते माझ्यावर मांडले, झाकणं काढून उन्हात ठेवली आणि कोरडं फडकं आणायला वर गेले. तेवढ्यात हे तिघे आले. तिकीट खिडकी उघडायला वेळ होता आणि मागच्या आठवड्याच्या सिनेमाचा वाद अर्धवट राहिला होता. त्यातल्या दोन मोटारी समोरासमोर कशा धडकल्या, हे शिंपीकाकांना दाखवून द्यायचं होतं. त्यांनी चौथ्या आणि सातव्या डब्याची झाकणं उचलली आणि दोन हातांत दोन मोटारी धरल्या. तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. मोटारी आल्या, धडकल्या, आणि नेमकी तेव्हाच तिकिटाची खिडकी उघडली. शिंपीकाकांनी चौथ्याचं झाकण सातव्यावर आणि सातव्याचं चौथ्यावर दडपलं आणि तिघेही रांगेकडे पळाले.

मी ओरडलो. पण बाकाचं ओरडणं म्हणजे करकर, आणि माझी करकर ऐकायची सगळ्यांना सवय. ऑपरेटरकाका आले, त्यांनी बाकीची झाकणं पुसून जागच्या जागी लावली आणि डबे एकेक करून वर नेले.

खेळ सुटल्यावर तिघे आले ते भारावून गेलेले. बाई पाळी कुणाची हे न बघता मध्ये बसल्या. असा सिनेमा आपण आयुष्यात बघितला नाही, असं त्या म्हणाल्या. नायिकेचे वडील आधी मरतात, मग मुलीच्या लग्नाला येऊन आशीर्वाद देतात, आणि नातू झाल्यावर नायकाला सांगतात, की माझी मुलगी तुला देणार नाही. बाईंनी छत्रीच्या टोकाने मातीत वर्तुळ काढलं. काळ सरळ रेषेत चालत नाही, तो असा फिरतो, हेच दिग्दर्शकाला सांगायचं आहे, असं त्यांचं म्हणणं.

मग कंपाउंडर मध्ये सरकले. त्यांच्या मते यात गहन वगैरे काही नव्हतं. म्हातारा मुळात मेलाच नव्हता. पडद्यावरचा डॉक्टर अंगठ्याने नाडी बघत होता, आणि अंगठ्याने बघितलं तर स्वतःचीच नाडी लागते किंवा काहीच लागत नाही, हे दवाखान्यातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

शेवटी शिंपीकाकांची पाळी. ते मध्ये आले आणि अगदी दुखावलेल्या आवाजात बोलले.

"मेलेला माणूस उठून बसला, हे मी एक वेळ समजू शकतो. पण नायकाचा फाटलेला खिसा आपोआप शिवला गेला, हे मला पटत नाही. मध्ये कुठे शिंपी दाखवला? सुई दाखवली?"

मित्रांनो, त्याच क्षणी माझी उजवी कड खाली गेली. ऑपरेटरकाकांना कळलं होतं. रिळं उलटसुलट लागली होती. ते उठले, कठड्याला धरून जिना चढले आणि ऐकलेल्या गोष्टीवरून ताडून संध्याकाळच्या खेळाला त्यांनी दोन्ही रिळं बरोबर जागी लावली.

इथे गोष्ट मिटायला हवी होती. पण दुपारच्या प्रेक्षकांनी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, की मेलेला सासरा परत येतो, चुकवू नका. संध्याकाळी त्यांचे भाऊ, मेहुणे, जावा, नणंदा सगळे येऊन बसले आणि 'समाप्त'ची पाटी येईपर्यंत सासऱ्याची वाट बघत राहिले. सासरा मेला तो मेलाच. मग मंडळी मालकांच्या खोलीत शिरली. एक आजोबा म्हणाले, सासरा कापलात तुम्ही. एका काकूंनी तर तो परत दाखवेपर्यंत घरी जाणार नाही असं सांगितलं आणि मालकांच्याच खुर्चीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक स्वतः माझ्यापाशी आले. सिनेमातलं या तिघांना कळतं, म्हणून चौकशी इथेच करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. तिघे बसलेले, मालक उभे. हातात जुडगा. ऑपरेटरकाका जिना उतरले. छातीशी दोन डबे धरलेले, पाय प्रत्येक पायरी चाचपत. ते नेहमीसारखे कडेला बसले. माझ्या सगळ्या खिळ्यांनी श्वास रोखला होता.

मग ते सरकले. वीस वर्षांत पहिल्यांदा ते मध्ये आले. बाई आणि शिंपीकाका काही न विचारता बाजूला झाले.

"कुणी काही कापलेलं नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. चौथ्या रिळाच्या जागी मी सातवं लावलं. रिळाच्या टोकाला बारीक आकडा असतो, तो बघायचा असतो. मी बघितला नाही, कारण तो मला दिसत नाही. वर्ष झालं. रिळं मी हाताने चाचपून लावतो आणि झाकणावर विश्वास ठेवतो."

मालकांनी हात पुढे केला. काकांनी खिशातून किल्ली काढली. ती इतक्या वर्षांत झिजून चकचकीत झाली होती.

बाईंना मात्र एक जुनी खोड. समोर आलेली कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय त्यांच्याच्याने राहवत नाही. त्यांनी एक डबा मांडीवर घेतला होता आणि त्या झाकण निरखत होत्या. झाकणाच्या कडेला पाच निळी बोटं उमटली होती. त्यांनी दुसरं झाकण बघितलं. तिथेही पाच. बाईंनी चष्म्यावरून शिंपीकाकांकडे बघितलं.

"हात दाखवा."

शिंपीकाकांनी दोन्ही हात मांडीखाली लपवले. साठीचा माणूस, पण माझ्यावर नऊ वर्षं मुलं बसली आहेत, तो लपवण्याचा प्रकार मला चांगला ठाऊक होता. बाईंनी वाट बघितली. शेवटी हात बाहेर आले. कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने दहाही बोटं माखलेली.

"मोटारी," शिंपीकाका पुटपुटले. "मी त्या झाकणांच्या मोटारी केल्या होत्या. परत लावताना बघितलंच नाही. आणि वर खिसा कुणी शिवला म्हणून मीच ओरडत होतो."

"म्हणजे अपघात खरंच झाला होता म्हणायचा," कंपाउंडर म्हणाले.

आधी बाईंना हसू फुटलं. मग कंपाउंडरांना. मग चौघे मिळून इतके हसले की माझा रुसलेला पाय जमिनीवरून उचलला गेला आणि मी काही काळ हवेतच होतो. माझ्या मते चांगला वीतभर.

मालकांचा हात अजून पुढेच होता. त्या हाताचं आता काय करावं, हे त्यांना उमगेना. शेवटी तो त्यांनी माझ्या पाठीवर टेकला आणि ते हळूच कडेला बसले. सुतार खरं बोलला होता. मी पाचव्यालाही पुरलो.

"किल्ली ठेवा खिशात," मालक म्हणाले. "पण डोळे आजच तपासून घ्या. चष्मा येईपर्यंत रिळाचा आकडा बाई वाचतील. आणि या बाकावर यापुढे डबे ठेवायचे नाहीत." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तो सासरा मेला की नाही, ते मला कुणी नीट सांगेल का?"

"सांगते," बाई म्हणाल्या. "आधी ऑपरेटरना सरकू द्या."

काकांनी किल्ली परत खिशात टाकली आणि लांब श्वास सोडला. वर्षभर तो त्यांनी कोंडून ठेवला असावा. त्या वाऱ्याने समोरच्या भिंतीवरचं पोस्टर फडफडलं, हे मी शपथेवर सांगतो. तेव्हापासून ते माझ्यावर पिसासारखे बसतात.

कंपाउंडर त्यांना त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का नाही आलात? काका म्हणाले, आलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं.

पुढच्या शुक्रवारी चष्मा आला, चांगला जाड भिंगांचा. त्या दिवशी काकांनी केबिनच्या झरोक्यातून अख्खा सिनेमा बघितला. खेळ सुटल्यावर ते जिना उतरले, एकही पायरी न चाचपता, आणि थेट मध्ये येऊन बसले. तिघेही कडेला सरकले. एवढ्या वर्षांत काकांचं सिनेमाबद्दलचं मत कुणी ऐकलं नव्हतं. मीही माझी करकर बंद केली.

काकांनी चष्मा पुसला आणि परत लावला.

"पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात भोक आहे," ते म्हणाले. "कधीपासून?"

"आठ महिने झाले," शिंपीकाका म्हणाले. "तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही. सुई आणली आहे."

ते भोक त्यांनी त्याच दिवशी शिवलं. आता डोंगर दाखवले की कोपऱ्यातल्या डोंगराला बारीक टाका दिसतो. शिंपीकाका तो पाहुण्यांना बोटाने दाखवतात.

तर मित्रांनो, सिनेमाबद्दल पोटभर बोला. माझ्यासारख्या बाकांचा जन्म त्यासाठीच असतो. मात्र बोलताना हातात दुसऱ्याची वस्तू असेल तर ती जिथली तिथे ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत असेल, किंवा जिना चाचपत उतरत असेल, तर हसू नका. जवळ बसा आणि नीट विचारा. आपणहून सांगायला माणसांना फार वेळ लागतो. काहींना तर मध्ये सरकून बसायलाच वीस वर्षं लागतात.

आणि जाता जाता कुणीतरी माझ्या डाव्या पायाखाली एक चपटा दगड सरकवा.