पूर्णविरामानंतरची जागा

नवरा ट्रकचा ड्रायव्हर, त्यामुळे ‘ड्रायव्हर’ हा शब्द ताईंच्या घरात तीस वर्षं नांदत होता. कंप्युटरलाही ड्रायव्हर लागतो आणि तोही असाच रुसून बसतो, हे मात्र त्यांना साठी ओलांडल्यावर कळलं.

पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं अडखळत का होईना परत आलं; उजवा हात तेवढा परक्याचा असल्यासारखा मांडीवर पडून राहायचा. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला, तो त्याने पलंगाखाली ढकलला. मग ताईंच्या धाकट्या बहिणीने आपला जुना कंप्युटर, खेळायचं स्टिअरिंग आणि ट्रक चालवायचा एक खेळ पाठवून दिला. चेंडूकडे ढुंकूनही न बघणारा माणूस स्टिअरिंग सोडेना. हळूहळू अंगठा वाकायला लागला. “सहा महिन्यांच्या आत जेवढं येईल तेवढं पदरात पाडून घ्या,” बाई म्हणाल्या, “पुढे फार अवघड जातं.”

आणि नेमकं तेव्हाच कंप्युटरने स्वतःला अपडेट करून घेतलं. खेळ उघडला की काळा पडदा. जुन्या ग्राफिक्स कार्डाला त्या खेळाचे रस्ते-डोंगर काही रंगवता येईनात.

“एवढंच ना? लोकांनी मिळून लिहिलेला, कार्ड चालवणारा खुला ड्रायव्हर आहे,” धाकटी फोनवर म्हणाली. ती दूरदेशी, कंप्युटरच्याच नोकरीत. “तो कंप्युटरमध्ये आहेच, पण तुझं कार्ड जुनं म्हणून आपणहून लागत नाही. मी पाठवते ती एक ओळ एका फाइलमध्ये लिहायची, की झालं.”

एक ओळ. ताईंनी ती एक ओळ तीन आठवड्यांत सहा वेळा लिहिली. आधी वहीत शुद्ध प्रत काढायची, मग त्यावरून टाइप करायचं, मग कंप्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा. पहिल्या तीन वेळा नवरा खुर्चीत येऊन बसायचा, काळ्या पडद्याकडे बघायचा आणि उठून जायचा. चौथ्या वेळेपासून तो आलाच नाही.

ताईंना त्याचा राग यायचा, मग सगळं सोपं वाटणाऱ्या धाकटीचा, मग स्वतःचा. सकाळी त्याची आंघोळ, औषधं, दुपारी कपडे, भांडी आणि उरल्या वेळात ही ओळ. जीव नुसता मेटाकुटीला आला होता. खरं सांगायचं तर त्यांना फक्त त्याचा हात बरा व्हायला हवा होता, असं नव्हतं. तो खेळायचा त्या तासाभरात त्यांना पाठ टेकता यायची, आणि तो तासही त्यांना हवा होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटत होती.

सातव्या खेपेला धाकटी म्हणाली, “ताई, तू लिहिलंयस ते जसंच्या तसं वाच. एकही खूण गाळू नकोस.”

हे तर ताईंच्या हातचं काम. छापखान्यात चाळीस वर्षं त्या मुद्रितं तपासत होत्या. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर नजर ठेवायची. आवाज आपोआप जुन्या पट्टीत लागला. “जी, पी, यू, पूर्णविराम, जागा, एस, आय...”

“थांब. जागा कुठली?”

“पूर्णविरामानंतर सोडतात ती.”

“मी सोडली होती?”

“नव्हतीस. म्हणून तर मी सोडली. तू लहानपणापासून घाईत लिहितेस.”

धाकटी हसत सुटली. ताईंना हसू आलं नाही. “अगं, तो पूर्णविराम नाहीये,” धाकटी म्हणाली, “नुसतं टिंब आहे, दोन शब्द जोडणारं. तू शब्दच तोडलास.”

“मग कंप्युटरने चूक दाखवायची की.”

“त्याला कळलं नाही, तर तो सोडून देतो. बोलत नाही.”

“घरात अशी आता दोन झाली,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

ओळीत टिंबं दोन, म्हणून जागाही दोन. दोन्ही पुसल्या. कंप्युटर पुन्हा सुरू केला, खेळ उघडला आणि पडद्यावर रस्ता आला, डोंगर आले, निळा ट्रक आला. ताईंनी नवऱ्याला हाक मारली. तो लगेच आला नाही, पण आला.

डाव्या हाताने उजवा उचलून त्याने स्टिअरिंगवर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तीन आठवड्यांपूर्वी वाकणारा अंगठा काठीसारखा ताठ झाला होता.

“माझ्यामुळे झालं हे,” त्या म्हणाल्या. “मीच चुकीचं लिहीत होते. तीन आठवडे.”

त्यांनी त्याचा हात धरायला हात पुढे केला, तर त्याने मान हलवली.

“राहू दे,” तो म्हणाला. नजर रस्त्यावर होती आणि एकेक शब्द तो ओढून काढत होता. “तू... जा. पड जरा. तासभर... चालवतो मी.”

ताई उभ्याच राहिल्या. म्हणजे त्या तासाचं त्याला ठाऊक होतं. मग त्या आत गेल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. बाहेरून ट्रक कठड्याला घासल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला, आणि मग पुन्हा. ताई उठल्या नाहीत.