तिसरं पाऊल

टेव्हियन माझा मोठा भाऊ. अमेरिकन फुटबॉलच्या सराव मोसमाची ती शेवटची मॅच होती आणि दुसऱ्या दिवशी टीममधून छत्तीस-सदतीस जणांना काढणार होते. त्यात तो नसावा म्हणून आई सकाळपासून धड जेवली नव्हती.

चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने उडी मारून गोल लाइनच्या आत बॉल झेलला. एक पाय टेकला, दुसरा टेकला, मागून धक्का बसला आणि पडताना बॉल सुटला. पंचाने दोन्ही हात वर केले. टचडाउन, सहा गुण! टेव्हियन तिथेच नाचायला लागला. आईने मला अशी मिठी मारली की माझे नाचोज सांडले.

मग रिप्ले. मोठ्या पडद्यावर तेच सहा वेळा, तेही इतकं हळू की माणूस पोहतोय असं वाटावं. नुसते दोन पाय टेकून झेल पुरा होत नाही; बॉल सुटायच्या आधी तिसरं पाऊल पडलं का, एवढंच बघायचं होतं. निर्णय फिरवला. झेल नाही.

मी ओरडले, "एवढं हळू दाखवलं तर तुमचं चालणंसुद्धा पडणं वाटेल!"

मागे बसलेला एक बिअर पिणारा हसला. "पोरी, भावाच्या पायाला शिव्या दे!"

पार्किंगमध्ये मी पंचांच्या सात पिढ्या उद्धरत होते. टेव्हियन म्हणाला, "गप गं. पाऊल नव्हतं पडलं. मला तेव्हाच कळलं."

"मग नाचलास कशाला?"

"पंच टचडाउन म्हणाले. मी काय नको म्हणू?"

सकाळी टीमचा फोन आला. काढलेल्यांत त्याचं नाव होतं. "हो सर," म्हणून त्याने तो ठेवला. मला अजून राग येतो, आणि सगळ्यात जास्त त्या "हो सर"चा.