स्टेपोनासचं विरजण

"पिठाच्याच चमच्याने विरजण ढवळलंस?" मी विचारलं.

माझी सून विल्मा चुलीपाशी उभी होती, हात काळ्या पावाच्या पिठाने भरलेले. "विहिरीवर बर्फ धरलाय, आई. बरणी दोराने आत सोडायची भीती वाटली. आठवडाभर इथंच ठेवली, काथवटीशेजारी. ऊब मिळेल म्हणून."

"ऊब! बाळंतीण आहे का ती?"

बरणीत आमच्या घरच्या बिअरचं विरजण होतं, माझ्या सासूच्याही आधीपासूनचं. झाकण काढलं आणि आंबट भपकारा नाकात घुसला. पाव आंबट चालतो. बिअर आंबली की डुकरांना. पिठाचा आंबटपणा विरजणात शिरतो, म्हणून बिअरच्या आठवड्यात पिठाची काथवट घराबाहेर, हे आमच्याकडे शेंबडी पोरंही जाणतात. विल्मा शहरातली.

मी पहाटेपासून जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळून त्या पाण्याने पिंप घासलं होतं, तापलेले दगड सोडून आत वाफ कोंडली होती. आता त्यात माल्टचा, मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड काढा निवत होता. निवल्यावर विरजण पडलं नाही, तर हवेतलं नको ते त्यात घर करतं. मग सगळं वाया. आणि ही बिअर माझ्या नवऱ्याच्या, स्टेपोनासच्या, मयताला येणाऱ्यांसाठी होती. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्याने एवढंच मागितलं. "दुकानातल्या बाटल्या मांडशील, तर पेटीतून उठून बसेन," म्हणाला होता.

आतून त्याचा आवाज आला. "बार्बोरा, आण इकडे. वास घेऊ दे."

नेली. लपवणार कुठे? त्याने बरणीवर नाक धरलं आणि डोळे मिटले. छाती घरघरत होती.

"माझ्याआधी गेलं की गं हे. पेत्रोनेलेकडे जा."

"शेजारणीकडे? जिच्या बिअरला जन्मभर पोतेऱ्याचं पाणी म्हणालास?"

"बिअर वाईटच करते ती. विरजण चांगलं आहे. कधी बोललो नाही, इतकंच."

गेले. ताठ मानेने गेले. न्हाणीघराच्या छपरावर डोमकावळे बसले होते, एकही ओरडत नव्हता.

पेत्रोनेले दारातच भेटली. "काय गं, पोतेऱ्याचं पाणी हवंय?"

"विरजण हवंय. काढा निवतोय."

तिने आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि पुढचा टोमणा गिळला. मी घासूनपुसून आणलेली बरणी मात्र तिने माझ्यादेखत उकळत्या पाण्यात बुडवली. एरवी तीच बरणी तिच्या डोक्यात घातली असती. आज ती निवायची वाट पाहिली. विरजण घेताना आभार मानायचे नसतात, मानले तर ते धरत नाही. तेवढं बरं झालं.

घरी आले तर स्टेपोनास म्हणाला, "मी घालणार."

मी आणि विल्माने पिंप पलंगापर्यंत ओढलं.

"आधी हात," तो म्हणाला. नियम त्याचाच. जुनिपरच्या पाण्याने मी त्याचे हात धुतले, एकेक बोट, एकेक नख. गरम पाण्यातही बोटं ऊब धरेनात. विल्माने तोंड फिरवलं. असं धुणं कधी असतं, ते तिलाही ठाऊक होतं.

बरणी त्याने धरली, त्याचे हात मी. विरजण काढ्यात उतरलं.

"कधी तयार होईल?" त्याने विचारलं.

"रविवारी. फसफसायला रात्रीच लागेल."

त्याने बोटांवर दिवस मोजले. "थांबतो," म्हणाला.

मी पिंपावर धुतलेली चादर घातली, कडा नीट खोचल्या. तो सावकाश कुशीवर वळला आणि त्याने पिंपाला कान लावला.