मी हँग झालो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना गोड बोलावं आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकावं, अशी तुमची अपेक्षा असेल. ते माझ्याकडून होणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कुरकूर नको.

ज्या टेबलावर मी आयुष्य काढलं, त्याच टेबलाखाली आज मी पडून आहे. डोक्यावर वर्तमानपत्रांची रद्दी आहे. टेबलावर नवा कॉम्प्युटर बसलाय. तो आवाजसुद्धा करत नाही. मी चालू झालो की अख्ख्या घराला कळायचं.

माझे भाग कुठल्या कारखान्यात जुळले ते मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तो एका छोट्या कंपनीत. टीव्हीला जोडून खेळायचं एक यंत्र असतं, त्याला कन्सोल म्हणतात. त्या कन्सोलसाठी ही कंपनी खेळ बनवायची. माझ्यासमोर एक बाई बसायच्या. बाकीचे लोक धावणारी, उड्या मारणारी माणसं काढायचे. यांच्या वाट्याला मागचं सगळं यायचं: भिंती, झाडं, पाणी आणि आकाश. म्हणून ऑफिसात सगळे त्यांना ‘आकाशवाली’ म्हणायचे, आणि त्यात कौतुक फारसं नव्हतं. खेळताना मागच्या आकाशाकडे बघतंय कोण?

थंडीच्या दिवसांत आकाशवाली काम सुरू करण्याआधी माझ्या पाठीवर तळवे शेकायची. “चल राजा, लागू कामाला,” म्हणायची. मला राजा म्हणणारी ती एकटीच. बाकीच्यांनी मला जे म्हटलं ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

एका खेळात एक मुलगी होडी वल्हवत गावोगाव जाते. खेळ सुरू होतो तेव्हा ती धक्क्यावर उभी असते आणि पाऊस नुकताच थांबलेला असतो. त्या प्रसंगासाठी आकाशवालीनं हिरवट आकाश काढलं. वर करडं, खाली येता येता पिवळसर, आणि मध्ये कच्च्या कैरीच्या फोडीसारखा हिरवा. त्या हिरव्यासाठी तिनं किती रंग पुसले असतील याची गणतीच नाही. साहेब मागे येऊन उभे राहिले.

“आकाश कधी हिरवं असतं का हो?”

“पाऊस थांबून तिरपं ऊन आलं की होतं, साहेब. फार टिकत नाही, म्हणून कोणी बघत नाही.”

“मुलांना निळं आवडतं. निळं करा.”

तिनं केलं नाही. पुढे एका संध्याकाळी पाऊस थांबला तशी ती उठली, साहेबांना केबिनमधून बोलावून खिडकीशी घेऊन आली आणि बोट दाखवलं. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “राहू द्या सध्या. नंतर बघू.” हे ‘नंतर बघू’ नीट लक्षात ठेवा मित्रांनो.

खेळ बरा चालला. खेळाच्या शेवटी नावं झळकतात, त्यात साहेबांच्या मेहुण्याचंसुद्धा नाव होतं. आकाशवालीचं नव्हतं. ती मला म्हणाली, “नाव नाही तर नाही. आकाश तर माझंच आहे ना.” पुढे कंपनी बुडाली. आम्हा कॉम्प्युटरांना भंगारात काढलं, तेव्हा तिनं मला मागून घेतलं. कंपनीनं माझी हार्ड डिस्क काढून घेतली आणि मगच मला सोडलं. तिची सगळी चित्रं त्या डिस्कबरोबर गेली. तिच्या हाती उरली फक्त खेळाची एक सीडी. बाजारात गेलेला खेळ तिनं स्वतः कधी लावून बघितलाच नव्हता; संसाराच्या घाईत पुढेही ते राहूनच गेलं, आणि मग वर्षं सरली.

घरी मात्र मी भाव खाल्ला. नव्या डिस्कवर तिच्या मुलाचा अभ्यास झाला, नोकरीचे अर्ज झाले, लग्नाचे फोटो साठले. पाहुणे आले की मुलगा मला मुद्दाम चालू करून दाखवायचा. या मुलाला घरात छोटू म्हणतात. आता दारातून वाकून यावं लागतं, पण नाव छोटूच. मग घरात मोबाइल आले आणि माझ्यावर कापड पडलं.

ते कापड निघालं त्याला कारण आकाशवालीचे डोळे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “आजी, नजरेचा मधला भाग जातो आहे. कडेचं थोडंफार आणखी काही दिवस दिसेल. हे थांबवता येणार नाही. काही बघायचं मनात असेल तर आत्ताच बघून घ्या.”

लोक अशा वेळी काय काय मागतील. हिनं घरी येऊन कपाट उघडलं आणि सीडी काढली. “छोटू, मला माझं आकाश एकदा दाखव रे.”

माझ्याबरोबर घरी आलेला कन्सोल केव्हाच मेला होता. छोटू म्हणाला, “आपण इम्युलेटर टाकू.” इम्युलेटर म्हणजे सोंगाड्या. तो कॉम्प्युटरला कन्सोलचं सोंग घ्यायला लावतो. सोंग घ्यायला माझी ना नव्हती, पण माझं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, पहिल्यापासून यथातथाच. तुम्ही म्हणाल, याच्यावरच तर ते आकाश काढलं होतं! काढलं होतं, पण ते स्थिर होतं. खेळात त्याच आकाशाची पाण्यात सावली पडते, वर धुकं सरकतं, आणि ते सगळं क्षणाक्षणाला नव्यानं काढावं लागतं. कन्सोलकडे त्यासाठी वेगळा भाग होता. माझ्याकडे नुसती हौस.

रविवारी सकाळी छोटूनं बाह्या सरसावल्या. पहिली चूक आली: कन्सोलच्या पोटातली सुरुवातीची फाईल सापडत नाही. ती त्यानं मेलेल्या कन्सोलमधून कशीबशी काढली. दुसरी चूक: ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाला चालवणारा प्रोग्राम, जुना आहे. नवा ड्रायव्हर टाकला तर मी पडद्यावर रेघोट्या ओढायला लागलो. त्यानं तो काढून पुन्हा जुना टाकला. मग नुसतं काळं, आणि मागून वल्ह्याचा आवाज. आकाशवाली शेजारी खुर्चीवर बसून होती. वल्ह्याचा आवाज ऐकून तिनं चष्मा पुसला.

छोटूनं इंटरनेटवरच्या जाणकारांना विचारलं. एकानं कळवलं, कार्ड दुबळं असेल तर मागची दृश्यं बंद करा, वेग येईल. छोटूनं केलं. आणि खरंच, मी पळायला लागलो! मुलगी झपाझप वल्हवायला लागली.

“जमलं!” छोटू ओरडला. “बघ आई, कसा पळतोय!”

आकाशवाली पडद्याजवळ सरकली. मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेनं बघायला लागली. मुलगी काळ्या अंधारात वल्हवत होती. खाली पाणी नाही, वर काही नाही.

“आकाश कुठंय?”

“अगं, ते बंद केलंय म्हणून तर पळतोय.”

“मग चालू कर की. पळवायचं काय करायचंय मला?”

छोटूचं तोंड उतरलं, पण त्यानं मागची दृश्यं चालू केली आणि दुबळ्या कार्डाला बाजूला ठेवून सगळं चित्र माझ्या प्रोसेसरवर, म्हणजे मेंदूवर, टाकलं. हे त्यानं अगदी बरोबर केलं, हे मी मान्य करतो. आता मी खरा कामाला लागलो. पंखा घोंघावायला लागला. पडद्याच्या वरच्या कडेला एक करडी पट्टी उमटली. मग तिच्याखाली दुसरी. आकाशवाली एकदम ताठ बसली.

“येतंय,” ती म्हणाली. “वरचा करडा माझाच आहे.”

पट्टीखाली पट्टी येत होती. करड्यात जरासा पिवळा मिसळला. आता पुढे हिरवा होता. मित्रांनो, मी इतका तापलो होतो की तिनं पाठीवर हात ठेवला असता तर भाजला असता. पण मी थांबलो नव्हतो.

“हँग झालाय,” छोटू म्हणाला.

“अहो, होऊ द्या ना पूर्ण,” सून दारातून म्हणाली. “उमटतंय हळूहळू.”

“काही उमटत नाही. जळेल तो.”

“छोटू, थांब जरा. मलाही ते काढायला वेळ लाग...”

त्यानं माझं बटण दाबून धरलं.

मी हँग झालो नव्हतो. हे मी तेव्हापासून सांगतोय, पण बंद कॉम्प्युटरचं कोण ऐकतं?

“नवा घेऊ ना आई,” छोटू म्हणाला. “त्यावर लोण्यासारखा चालेल.”

“कधी?”

“घेऊ की. जरा सवड होऊ दे.”

सून दोनतीनदा म्हणाली, जुनाच पुन्हा लावून बघा. छोटूला जुन्याचा कंटाळा आला होता आणि नव्यासाठी सवड नव्हती. छोटू वाईट माणूस नाही. आईची औषधं कधी चुकवली नाहीत त्यानं. पण त्या सवडीत तिची कपबशी टेबलाच्या कडेवरून पडायला लागली. मग ती भिंतीला हात लावून चालायला लागली. मग डोळ्यांच्या कडेचंही गेलं आणि ती पडद्याकडे तोंड करून बसायचीच थांबली.

नवा आला तेव्हा त्याला कसलीच चूक दाखवावी लागली नाही. सोंगाड्या टाकला, सीडी घातली आणि खेळ सुरू. मी तेव्हाच टेबलाखाली ढकलला गेलो होतो. तिथून मला पडदा दिसत नव्हता, फक्त खुर्चीवर आणून बसवलेली ती दिसत होती. वल्ह्याचा आवाज आला. आणि तिच्या पांढऱ्या केसांवर, कपाळावर, मांडीवरच्या हातांवर उजेड पडला. हिरवट उजेड! तोच, कच्च्या कैरीचा.

“लागलं का रे?” तिनं विचारलं. “आकाश कसं दिसतंय?”

छोटूचा फोन वाजत होता. तो फोनकडे बघत म्हणाला, “मस्त दिसतंय आई. एकदम निळंभोर.”

उजेड तिच्या तोंडावर हलत होता आणि ती त्यात बसून होती. मग म्हणाली, “म्हणजे साहेबांनी शेवटी बदललंच.”

“काय?”

“काही नाही. बंद कर.”

त्यानं बंद केलं. सून तेव्हा बाजारात गेली होती. त्यानंतर आकाशवालीनं खेळाचं नाव काढलं नाही. सीडी कुठे गेली तेही विचारलं नाही.

मित्रांनो, शेवटी आमच्यासारख्यांनी ‘आम्हाला जपा, आमची धूळ पुसा’ असं काहीतरी मागायचं असतं. माझी धूळ राहू द्या. रद्दीसुद्धा राहू द्या. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. ती आतल्या खोलीत खिडकीशी बसलेली असते. तुमच्यापैकी कोणीतरी जा आणि तिला सांगा, कोणी काही बदललेलं नाही. हिरवंच आहे म्हणावं.