फाटकावरच्या चौकीची न्हाणी

मी बोलतेय ती एक धुरकटलेली न्हाणी आहे, असं तुम्हाला वाटेल. ते खरंही आहे. पण जन्मानं मी रेल्वेची. फ्रंट स्ट्रीटच्या फाटकावर पहारेकरी बसायचा ना, त्याची मी चौकी. माझ्याबद्दल आजवर सगळे बोलले, मला मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून आज माझंच तोंड मी उघडते.

रेल्वेच्या सुतारांनी मला पाइनच्या फळ्यांतून घडवलं. एक माणूस, एक खुर्ची, एक शेगडी, एवढीच माझी ऐपत. दोन्हीकडून येणारी गाडी दिसावी म्हणून तीन बाजूंना खिडक्या. अंगाला कंपनीचा पिवळा रंग. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवराकाठचं आमचं पोर्ट हॅनली गाव तेव्हा सगळंच्या सगळं रेल्वेवर जगायचं. खाणीतलं लाल लोहखनिज भरून गाड्या यायच्या, माझ्यासमोरून धडधडत जायच्या आणि धक्क्यावर चढायच्या. हा धक्का म्हणजे आमच्या घरातला थोरला. सरोवरात लांबवर पाय रोवून उभा. गाड्या त्याच्या माथ्यावर रिकाम्या व्हायच्या आणि खनिज त्याच्या पोटातून जहाजांत कोसळायचं. शिवाय इंजिनांचं गोल घर होतं, पाण्याची टाकी होती, मनोरा असलेलं स्टेशन होतं. या सगळ्यांत मी शेंडेफळ.

कॉन हॅलोरन हा माझा पहिला माणूस. डबे जोडताना त्याचा डावा हात गेला होता. हात गेलेल्या माणसाला कंपनी फाटकावर बसवायची. हाताच्या बदल्यात खुर्ची! कॉननं कधी कुरकुर केली नाही, पण मला आजही त्या सौद्याचा राग येतो.

गाडी आली की ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी घेऊन तो रस्त्यात उभा राहायचा. बायका त्याला सोडत नसत.

“कॉन, बघ ही चादर! पांढरी वाळत घातली होती. तुझ्या गाडीच्या धुळीनं लाल झाली.”

“गाडी कंपनीची, बाई. माझी फक्त पाटी.”

“मग ती पाटी जरा त्या धुळीला दाखव की!”

कॉन असा हसायचा की माझ्या काचा थरथरायच्या. गाडीनं थरथरतायत की त्याच्या हसण्यानं, मला कळायचं नाही.

मग घंटा आली, लाल दिवे आले. ते आपोआप लागायचे. त्यांना शेगडी नको, खुर्ची नको. कॉन बहिणीकडे राहायला निघाला. जायच्या दिवशी त्यानं शेगडी विझवली, राख काढली, एका हातानं मला कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून घेतलं आणि मग दार लावलं. रिकाम्या होणाऱ्या खोलीला एवढा मान क्वचितच मिळतो.

मला मोडून सरपण करायचं ठरलं होतं. तेवढ्यात धक्क्यावर काम करणारा आर्वो कोर्पेला मुकादमाकडे आला. हातात धुरीवर भाजलेले मासे, कागदात बांधलेले. आमच्या किनाऱ्यावर निम्मे लोक आर्वोसारखे फिनिश, फिनलंडहून आलेले. यांना घराच्या आधी वाफेची न्हाणी लागते. तिला ते सौना म्हणतात.

“हे खोकं घेऊन करणार काय तू?” मुकादमानं विचारलं.

“सौना.”

“तीन खिडक्यांची? गावाला दाखवत अंघोळ करणार की काय?”

“दोन बुजवीन. तिसरी सरोवराकडे. तिकडून फक्त मासे बघतात.”

मुकादमानं मासे ठेवून घेतले आणि मी आर्वोची झाले.

फेब्रुवारीत सरोवराचा गावाजवळ आत शिरलेला भाग, आमचा उपसागर, गोठला की आमच्याकडे जड सामान बर्फावरून नेतात. मला लाकडी घसरगाडीवर बांधलं, पुढे दोन घोडे जुंपले. बर्फाच्या आत कुठेतरी कडाडलं की आर्वो घोडे थांबवून कान लावायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. पलीकडच्या काठावर त्याची बायको लेम्पी कमरेवर हात ठेवून उभी होती.

“लोक बायकोला शिवणयंत्र आणतात,” ती म्हणाली. “यानं रेल्वे आणली.”

पण दुसऱ्याच दिवशी तीच सूचना द्यायला लागली. “शेगडीवर काठावरचे दगड रचू नकोस हं. पाणी मुरलेलं असतं त्यांत, तापले की फुटतात. टेकडीवरचे आण.” आर्वोनं टेकडीवरचे आणले. बाकं ठोकली. आणि मी, आयुष्यभर चाकांच्या खडखडाटात राहिलेली, पहिल्यांदा गप्प बसायला शिकले.

कारण सौनाला एक शिस्त असते. आत भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. चर्चमध्ये बसावं तसं बसायचं. शेजारच्या दोन भावांचं कुंपणावरून फाटलं होतं. बाहेर एकमेकांचं तोंड बघत नसत. पण शनिवारी न्हायला दोघंही आले. वाफेत अंग मोकळं व्हावं म्हणून झोडतात तशी एकानं दुसऱ्याची पाठ बर्चच्या डहाळ्यांनी झोडली. रिवाजापेक्षा जरा जोरातच झोडली, पण बोलला काही नाही.

एका हिमवादळात रस्ते बंद झाले तेव्हा लेम्पीनं मला तापवायला सांगितलं. घरातली सगळ्यांत उबदार, सगळ्यांत स्वच्छ जागा मीच होते. तिची मुलगी मार्लिन माझ्यात जन्मली. आणि पुष्कळ वर्षांनी आर्वो गेला, तेव्हा त्याची शेवटची अंघोळ लेम्पीनं माझ्यातच घातली. कोमट पाण्यानं, घाई न करता. त्याच्या नखांत धक्क्यावरचं लाल खनिज अजून होतं. ते मात्र तिनं काढलं नाही.

तोवर माझं घराणं संपत आलं होतं. गोल घराच्या जागी दुकान आलं, त्यापुढे मोटारी उभ्या राहायला लागल्या. टाकी भंगारात गेली. स्टेशन जळलं. शेवटी धक्का पाडायलाही क्रेन लागली. सगळं गाव घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन बघायला बसलं होतं. उपसागराच्या या काठावरून, माझ्या उरलेल्या एका खिडकीतून, मीही बघत होते. मला एकच विचारायचंय: पाडताना बघायला एवढी माणसं येतात, मग वाचवायच्या वेळी ती कुठे असतात?

मग गावाला जाग आली. जुन्या वास्तू जपायला समिती निघाली. तिच्यात क्रिस्टा व्होल्नर होती, नुकतीच कॉलेजातून आलेली, पायाला भिंगरी लावल्यासारखी. तिनं माझं छप्पर जुन्या फोटोशी ताडून पाहिलं, बाहेरच्या कोपऱ्यावरची काजळी नखानं खरवडली. खाली पिवळा रंग निघाला. ती रडायलाच लागली.

“कोर्पेलाबाई, ही शेवटची आहे! गावात रेल्वेचं एवढंच उरलंय!”

“उरलंय, कारण मी ते वापरते,” लेम्पी म्हणाली.

लेम्पी आता फार थकली होती. मार्लिनला वाटत होतं, आईनं मिलवॉकीला आपल्याजवळ यावं. तिथे लिफ्ट आहे, पायरीवर बर्फ नाही. घर विकायचं आणि मला समितीला द्यायचं, असा शब्द तिनं देऊन टाकला. समितीनं ट्रकही ठरवला. सुट्टीचा दिवस म्हणून ठरवला शनिवार. चूक झाली ती इथेच.

सकाळी ट्रक आला तेव्हा माझ्या धुराड्यातून धूर निघत होता.

“अहो, ही तर पेटलीय!” ड्रायव्हर ओरडला.

“शनिवार आहे,” लेम्पी म्हणाली. “तापलेली सौना हलवत नाहीत. घरात कॉफी आहे, वेलदोड्याचा पाव आहे. बसा.”

“आई, तू हे मुद्दाम केलंस!”

“हो. चल आत.”

“मला तुझ्याशी भांडायचंय.”

“भांड की. बाहेर आल्यावर.”

दोघी आत येऊन बसल्या. लेम्पीनं दगडांवर पाणी टाकलं. वाफ वर चढली, बाकावर उतरली. मग लेम्पी हळूच बोलायला लागली.

“मिलवॉकीला येते मी. लिफ्टही चालेल. पण मी मेल्यावर मला कोण धुणार?”

मार्लिननं तोंड उघडलं. बाहेर असती तर म्हणाली असती, भलतंसलतं बोलू नकोस. इथे तसं बोलता येत नव्हतं. तिला ऐकावंच लागलं.

“तुझ्या बाबांना मी धुतलं. मला परक्या हातांनी धुवायला नको. तू धू. इथे.”

मार्लिननं दगडांवर आणखी थोडं पाणी टाकलं.

“मला येईल का गं?” मार्लिननं विचारलं.

“पाणी कोमट ठेव. बाकी हातांना कळतं.”

मार्लिन अंगाला टॉवेल गुंडाळून तशीच बर्फात बाहेर आली. अंगातून वाफा निघत होत्या. “ट्रक परत न्या,” ती म्हणाली. “आई आहे तोवर ही हलणार नाही आणि आईही हलणार नाही.”

क्रिस्टा उसळली. “आणि नंतर? नवा मालक येईल, एका दुपारी मोडून टाकेल! मग कुणाला धरायचं?”

तिचं काय चुकत होतं? माझं सगळं घराणं असंच तर गेलं होतं. मला तिची फार माया आली.

लेम्पी दारातून म्हणाली, “पोरी, किती दिवस बाहेरूनच मापं घेणार आहेस हिची? आत ये.”

क्रिस्टा आत आली. त्या दिवशी तिनं भिंतीकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून बसली आणि बाहेर पडताना पुढच्या शनिवारी येऊ का, असं विचारून गेली.

त्या हिवाळ्यात मार्लिन आईजवळच राहिली. मार्चमध्ये लेम्पी आपल्या बिछान्यात झोपेत गेली. मार्लिननं मला तापवलं, जेमतेम ऊब येईल इतकंच. क्रिस्टानं सरोवराच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून बादल्या भरून आणल्या. मार्लिननं आधी हात घालून पाणी कोमट आहे ना ते पाहिलं. मग हातांना कळत गेलं. तिनं आईचे केस विंचरले. कुणी आवाज चढवला नाही.

आता घर विकलं जाणार आहे आणि मार्लिननं मला समितीच्या स्वाधीन केलंय. बर्फ वितळला की मी पुन्हा गावात जाईन. बुजवलेल्या खिडक्या उघडायच्या, बाकं काढायची, शेगडी थंड ठेवायची, कुणी आत जाऊ नये म्हणून दाराला दोरी बांधायची, असं समितीत घाटतंय. क्रिस्टा एकटी सगळ्यांशी भांडतेय. बाहेर भांडायला मुभा आहे, तिनं खुशाल भांडावं.

गावकऱ्यांनो, मला पिवळा रंग द्या. फलक लावा, त्यावर कॉनचं नाव लिहा, आर्वो आणि लेम्पीचंही लिहा. मला आनंदच होईल. पण माझी बाकं काढू नका. मी जिवंत राहिले ते कुणी जपलं म्हणून नाही, कुणाला तरी माझी गरज होती म्हणून. तेव्हा एवढंच करा, शनिवारी कुणीतरी येऊन शेगडीत लाकडं घाला.