तिघींच्या गाण्यातला व्हायोला

मित्रांनो, मला पाहून सगळे मला व्हायोलिनच समजतात. मी एक जुना व्हायोला आहे. व्हायोलिनपेक्षा अंगाने थोराड आणि आवाजाने घोगरा. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले आणि बाबांच्या हाती सोपवले.

बाबा माझे मालक. मोठ्या वाद्यवृंदांच्या गाजलेल्या अभिजात रचना ते चार तंतुवाद्यांसाठी नव्याने लिहीत. साठ-सत्तर वाद्यांचे काम चौघांत वाटायचे, तेही ऐकणाऱ्याला काही उणे न भासता! दोन भाच्या व्हायोलिन वाजवत, लेक खर्जातला मोठा चेलो आणि बाबा मला. शिंगांची हाक, बासऱ्यांची कुजबुज माझ्याच वाट्याला येई. कौतुक मात्र व्हायोलिनचे होई. माझी तक्रार नव्हती.

पुढे बाबांची बोटे आखडू लागली. माझ्या ओळीतले धावते सूर कमी होत गेले. एके दिवशी तालमीला त्यांनी नवी रचना मांडली, तर तिच्यात मी नव्हतोच!

"बाबा, व्हायोला कुठंय?" लेकीने विचारले.

"तिघींत भागतंय की."

"कसलं भागतंय? मधे नुसतं भगदाड पडलंय!"

"बोटं ऐकत नाहीत गं. चारचौघांत फजिती नको."

लेकीने चेलो बाजूला ठेवला आणि पेन्सिल उचलली.

"आज जे जमतंय ते वाजवा. मी लिहून घेते."

बाबांनी माझ्यावर सावकाश गज ओढला. मी धास्तावलो होतो. लांब, संथ सूर तेवढे निघाले. लेकीने तेच लिहिले आणि अवघड जागा स्वतःच्या चेलोकडे घेतल्या. बाबा कागदावर वाकले.

"अगं, चेलोला श्वास तरी घेऊ दे! हे खोड आधी."

कार्यक्रमात बाबांचा एक सूर घसरला. थोरल्या भाचीने लगेच लय आवरून सांभाळून घेतले. आमचा तो शेवटचा कार्यक्रम ठरला.

आता बाबांना गज धरवत नाही. लेक माझ्या तारा जुळवून मला त्यांच्या मांडीवर ठेवते. ते एखादी तार छेडतात, मग खिडकीकडे बघत बसतात.

मित्रांनो, वाद्ये पुसत जा, तारा जुळवत जा. आणि वाजवणाऱ्याला "राहू द्या आता, बसा" असे पटकन म्हणू नका. आम्हाला ठेवतात त्या पेटीचे झाकण लागते, तेव्हा आत फार अंधार असतो.