फाट्यावरची लगोरी

दगडांची लगोरी दिसली की मॅक्सिन ओबरहोल्टच्या पायाला खाज सुटायची. टूसॉन शहराभोवतीच्या वाळवंटी डोंगरांत सुट्टीच्या दिवशी माणसं येतात, दगडावर दगड रचतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन विसरतात. मागून येणाऱ्याला वाटतं ही वाटेची खूण, आणि तो बिचारा भलत्याच घळीत शिरतो. असं एकदा झालं, तेव्हापासून मॅक्सिनच्या हायकिंग क्लबाने फतवाच काढला की लगोरी दिसली की पाडायची. फतवा चुकीचा नव्हता हो, पण बाईंनी त्याचं सोवळं करून टाकलं होतं.

मे महिना संपत आला होता. अशा दिवसांत शहाण्याने उजाडायच्या आत चढावं आणि ऊन तापायच्या आधी घर गाठावं. मॅक्सिन आणि क्लबातला तिचा जुना सोबती लायल वर चढत असताना एक तरुणी घाईघाईने खाली येताना भेटली.

"वडील मागून येताहेत माझे," ती धापा टाकत म्हणाली. "गुडघा धरलाय त्यांचा, आणि पाणीही संपत आलंय. गाडीतलं घेऊन येते." आणि ती गेलीसुद्धा.

पुढे फाटा लागला. वरून येणारी पायवाट तिथे दोन घळींत फुटते. एक गाडीतळाकडे उतरते. दुसरी दिसायला तशीच, उलट जरा जास्तच रुंद आणि वाळूची, पण ती आंधळी. पुढे कोरड्या धबधब्यापाशी कडाच आहे. आणि बरोबर फाट्याच्या मधोमध नीट रचलेली लगोरी, तिच्या बाजूला टेकवलेला एक चिमुकला दगड.

"झालं! बसले इथेही अंडी घालून," म्हणत मॅक्सिनने लाथ हाणली.

"अगं, थांब की! खूण असेल कुणाची," लायल म्हणाला.

"खुणेची पाटी वनखातं लावतं. हे रिकामटेकड्यांचे धंदे आहेत."

"तुझ्यापुढे कुणाचं चाललंय? उद्या डोंगरही पाडशील, विनापरवाना उभा आहे म्हणून."

तो हसत पुढे गेला. मॅक्सिनने उरलेले दगड दूर भिरकावले आणि बुटाने वाळूही सारखी केली. अर्धवट काम तिला आवडत नसे.

चढण संपता संपता म्हातारा भेटला. डोक्यावर गवती हॅट, हातात काठी, एक पाय ओढत उतरत होता. लायल त्याला ओलांडून वळणापलीकडे गेला होता. म्हाताऱ्याने हॅट काढून रामराम केल्यासारखी मान लववली.

"आमची हिमेना भेटली का बाई?"

"भेटली की. पाणी आणायला गेलीये."

"मग काळजी नाही. दगड ठेवून गेली असेल फाट्यावर." म्हातारा कौतुकाने हसला. "गुरांमागे हिंडायचो तेव्हापासूनची रीत आहे आमची. मोठ्यावर लहान रचायचे, आणि ज्या अंगाला गेलो तिकडे एक चिमुकला. आता नजर अधू झालीये, पण दगड बरोबर दिसतात मला."

एका वाक्याचं काम होतं. दगड मी पाडलेत बाबा, अमक्या घळीने जा. पण ते वाक्य काही केल्या जिभेवर येईना. आपण आडदांडपणा केला हे या परक्या माणसाला सांगायचं, वळणापलीकडून लायल ऐकणार नाही कशावरून, आणि मग तो महिनाभर पिडणार. शिवाय सगळी हयात डोंगरात घालवलेला माणूस, तो काय वाट चुकणार आहे?

"घळ सोडू नका बाबा," ती म्हणाली. "सरळ खाली जा."

वरच्या पाणवठ्यावर पोचून दोघांनी न्याहारी केली. लायल बडबडत होता, मॅक्सिन सारखी खालच्या वाटेकडे बघत होती. "चल, ऊन झालं," म्हणून तिनेच त्याला उठवलं. खडक तव्यासारखे तापले होते. निम्म्या वाटेवर समोरून हिमेना येताना दिसली, पाण्याचे दोन्ही कॅन छातीशी धरून.

"अपा कुठे आहेत?"

"ते तर केव्हाच खाली गेले!" लायल म्हणाला.

"मला नाही भेटले. फाट्यावर मी दगड ठेवले होते, आता तिथे काहीच नाही. मला वाटलं, अपा अजून वरच असतील."

लायलने तिच्याकडे पाहिलं.

"आंधळी घळ," मॅक्सिन कशीबशी म्हणाली. "तिकडे गेले असतील."

लायल फोनला रेंज मिळवायला वरच्या उंचवट्याकडे पळाला. दोघी खाली धावत सुटल्या. हिमेना वाटभर एकच घोकत होती, "मी घाई केली. नीट रचले नाहीत मी. वाऱ्याने पडले असतील." मॅक्सिनने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

म्हातारा आंधळ्या घळीत खडकाच्या एका गुळगुळीत पायरीखाली सापडला. उतरला होता, पण गुडघ्यामुळे परत चढता आलं नव्हतं. तिथे बोटभर सावली नव्हती. अंग भट्टीसारखं तापलेलं, पण घामाचा एक टिपूस नाही. मॅक्सिन आपल्या अंगाची सावली करून त्याच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली. घोटभर पाजायला गेल्या तर ते ओठांतून ओघळलं.

"दगड नाही ठेवलेस, मिहा?" त्याने लेकीला लाडाच्या हाकेने विचारलं. "शोधले गं मी. खूप शोधले."

"ठेवले होते, अपा. माझंच चुकलं. पडले ते."

"असू दे," तो म्हणाला. "लहान आहेस अजून."

त्यानंतर म्हातारा काही बोलला नाही. हेलिकॉप्टर आलं तेव्हा त्यातून उतरलेल्या माणसांना घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

हिमेना मॅक्सिनच्या गळ्यात पडून रडली. "तुम्ही होतात म्हणून सापडले तरी. मी मात्र साधे चार दगड रचू शकले नाही. आईला काय सांगू?"

ही पोर जन्मभर हेच म्हणत राहील, हे मॅक्सिनला लख्ख दिसलं. तिने हिमेनाचे हात सोडवले.

"तू नीटच रचले होतेस. मी पाडले. लाथ मारून पाडले."

हिमेनाने वळून वरच्या वाटेकडे पाहिलं.

"मग वर तुम्हाला अपा भेटले," ती हळूच म्हणाली, "तेव्हा त्यांना सांगितलंत ना?"